आर्यभटानं शून्य शोधलं, तर त्याआधी रावणाची दहा तोंडं आणि शंभर कौरव कसे मोजले?

हा प्रश्न एरवी व्हॉट्सअ‍ॅपवर हसण्यासाठी फिरत असतो. तुम्ही मात्र लिहिलंय की तुमच्या सहावीतल्या मुलीनं तो खरंच विचारला आणि तुम्हाला उत्तर देता आलं नाही. म्हणून लिहायला बसले. दुसरं कारण असं की मी ग्वाल्हेरची. माहेर, सासर दोन्ही लष्कर या इथल्या जुन्या वस्तीतलं, आणि शून्याचा विषय निघाला की आमच्या घरात अजूनही आवाज चढतात.

मुलीला आधी एवढं सांगा, की मोजायला शून्य लागतच नाही. दहाला नाव आहे, हाताला तितकी बोटं आहेत, झालं. शंभराचंही तेच. आकडा लिहायलासुद्धा शून्य लागतंच असं नाही. जुन्नरजवळच्या नाणेघाटात सातवाहनांचा लेख आहे, इसवी सनाच्या आधीचा. त्यात यज्ञांच्या दक्षिणेचे मोठमोठे आकडे कोरलेत, गायी शेकड्यांनी आणि हजारांनी दिल्याचे. त्यात शून्य एकही नाही. ब्राह्मी अंकांत दहाचं चिन्ह वेगळं, विसाचं वेगळं, शंभराचं वेगळं, हजाराचं वेगळं. शंभराच्या चिन्हाला चाराचं चिन्ह जोडलं की चारशे. आमच्या मध्य प्रदेशातच रूपनाथला अशोकाचा लेख आहे, त्यात २५६ हा आकडा दोनशे, पन्नास आणि सहा अशा तीन चिन्हांनी लिहिलाय. तिकडे रोमन लोक दहाला एक्स आणि शंभराला सी लिहीत होते. कुणाचंही काही अडलं नव्हतं.

अडतं ते पुढे. नऊच चिन्हांत जगातला कुठलाही आकडा लिहायचा असं ठरवलं, म्हणजे तोच दोन एकक स्थानी आला तर दोन, दशक स्थानी आला तर वीस, शतक स्थानी आला तर दोनशे, की मग रिकाम्या जागेचं काय करायचं हा प्रश्न उभा राहतो. सत्तावीस आणि दोनशे सत्तर यांत फरक कसा दाखवायचा? जागा नुसती मोकळी सोडली तर नक्कल करणारा ती खाऊन टाकतो. तिथे खूण हवी. ही खूण म्हणजे शून्याचं पहिलं रूप. त्या खुणेला स्वतःला संख्या मानून तिची बेरीज-वजाबाकी करणं, हे दुसरं रूप आणि त्याहून मोठं पाऊल.

म्हणून ‘आर्यभटानं शून्याचा शोध लावला’ हे वाक्य मुलांना शिकवणं बंद करावं असं माझं स्पष्ट मत आहे. आर्यभट थोरच. वयाच्या तेविसाव्या वर्षी, इ.स. ४९९ मध्ये, प्रत्येक स्थान आधीच्याच्या दसपट असतं हे त्यानं सांगितलं आणि वर्गमूळ-घनमूळ काढायच्या रीती स्थानांवरूनच दिल्या. पण तो आकडे लिहायचा अक्षरांनी, स्वतःच्या पद्धतीनं, आणि त्या पद्धतीत शून्याचं चिन्ह नाही. शून्याला संख्या मानून त्याचे नियम घातले ब्रह्मगुप्तानं, इ.स. ६२८ मध्ये. हा भीनमाळचा, म्हणजे आजच्या राजस्थानातला. कुठल्याही संख्येतून तीच संख्या वजा केली की शून्य. ऋणात शून्य मिळवलं की ऋणच राहतं. धन आणि ऋण समसमान मिळवले की शून्य. मी सगळी नोकरी हिशेब खात्यात केली. खतावणी लिहिलेल्या माणसाला हे नियम वाचून अंगावर काटा येतो, कारण जमा आणि नावे यांचा मेळ बसला की खाली जे येतं त्याचा कायदाच या माणसानं तेराशे-चौदाशे वर्षांपूर्वी लिहून ठेवलाय. आणि त्याचं नाव आपल्या पोरांना माहीत नसतं.

आता ग्वाल्हेर.

आमच्या किल्ल्यावर पाहुणे येतात ते गाडीनं, उरवाई दरवाज्याकडून. वाटेत कातळात कोरलेल्या तीर्थंकरांच्या मूर्ती बघतात, वर मान मंदिर, सासबहूची देवळं, तेली मंदिर, फोटो काढतात आणि त्याच वाटेनं उतरतात. पूर्वेकडची जुनी पायवाट, किलागेटची, तिकडे गाडी जात नाही, म्हणून माणसंही जात नाहीत. त्या चढावर, गणेश दरवाजा आणि लक्ष्मण दरवाजा यांच्या मध्ये, एक लहानसं देऊळ आहे, अखंड खडकात कोरलेलं. चतुर्भुज मंदिर. अल्ल नावाच्या किल्लेदारानं ते कोरवून घेतलं, प्रतिहार राजा मिहिर भोजाच्या काळात. बापाच्या नावावरून देवाचं नाव ठेवलं वैल्लभट्टस्वामी. देवळात दोन लेख आहेत. आतल्या लेखाचं साल विक्रम संवत ९३३, म्हणजे इ.स. ८७६. त्यात शून्य आहे. एक नाही, दोन ठिकाणी आहे.

धाकट्या दिरांच्या मुलीचा साखरपुडा झाला तेव्हा पुण्याची मंडळी आली होती. दुसऱ्या दिवशी किल्ला दाखवायचा बेत. मी आधीच सांगून ठेवलं होतं की उतरताना ज्यांचे पाय धड आहेत त्यांनी माझ्याबरोबर हाथी पोलातून पायी उतरायचं. व्याही आले, त्यांचा एक भाचा आला, शाळकरी, आणि भाऊजी आले. भाऊजी म्हणजे हेच धाकटे दीर. जन्मभर गणिताच्या शिकवण्या घेतल्या, लष्करातल्या निम्म्या घरांतली मुलं त्यांच्या हाताखालून गेली. हुशार माणूस, शिकवतात सुंदर. त्यांच्याविषयी पुढे जे लिहितेय ते सगळं त्यांना तोंडावर बोलून झालेलं आहे.

देवळाच्या गाभाऱ्याला लोखंडी जाळीचं दार, त्याला कुलूप. पहारेकरी जवळच्या सावलीत बसला होता. मला बघून स्वतःच उठला. ‘जीरो देखना है?’ कुलूप काढता काढता म्हणाला, ‘बाहर के लोग पूछते हुए आते हैं. अपने वाले सीधे निकल जाते हैं.’ मला ते फार लागलं, कारण खरं आहे.

आत अंधार. लेख आतल्या भिंतीवर, ओळीवर ओळ, बारीक अक्षर. समोरून बॅटरी मारली तर काही म्हणजे काही दिसत नाही, दगड नुसता पांढरट होतो. मोबाइलचा दिवा भिंतीला जवळजवळ टेकवून बाजूनं तिरका धरावा लागतो. मग अक्षरांच्या कडांना सावली पडते आणि ओळी वर येतात. मी बोट न लावता दाखवलं: हा दोन, हा सात, आणि हे बघ. एक लहानसं वर्तुळ. शेजारच्या अंकांपेक्षा बरंच लहान, जरा वर उचललेलं. दोनशे सत्तर. पोरानं नाक भिंतीला लागेल इतकं जवळ नेलं आणि म्हणाला, ‘हे तर आपल्यासारखंच आहे!’

लगेच त्यानं तुमच्या मुलीचाच प्रश्न विचारला, रावणाच्या तोंडांचा. भाऊजी म्हणाले, ‘आर्यभटानं शून्य शोधलं आणि हे जगातलं पहिलं कोरलेलं शून्य. जगातलं! तुमच्या पुण्यात आहे का असं काही?’ व्याह्यांनी कौतुकानं मान डोलावली.

मी म्हटलं, ‘भाऊजी, पहिलं नाही. कंबोडियातलं याच्या आधीचं आहे.’

तिथे जे सुरू झालं ते अजून संपलेलं नाही. भाऊजी सगळ्यांदेखत म्हणाले, ‘वहिनी, पाहुण्यांसमोर आपल्याच गावाची किंमत कशाला कमी करता?’ आणि घरी आल्यावर यांच्याकडे तक्रार, की वहिनींना परक्याचं कौतुक फार. ज्या बाईनं त्या दिवशी सगळ्यांना पायी उतरवून देवळापर्यंत नेलं, तिला हे ऐकावं लागलं.

तर कंबोडियाचं सांगते. मेकाँग नदीच्या काठी सांबोर म्हणून ठिकाण आहे, तिथे एक शिलालेख सापडला. त्यात साल आहे ६०५, आणि मधल्या शून्याच्या जागी ठळक टिंब. इ.स. ६८३. म्हणजे आमच्या लेखाच्या जवळपास दोनशे वर्षं आधी. फ्रेंच अभ्यासक सेदेस यांनी १९३१ साली तो पुढे आणला. नंतर तिथल्या यादवीत तो दगड बेपत्ता झाला होता, तो अमीर अ‍ॅक्झेल या गणितावर लिहिणाऱ्या लेखकानं २०१३ साली शोधून काढला. दगड आहे, साल त्यातच कोरलेलं आहे, वाद घालायला जागा नाही.

पण भाऊजी एक गोष्ट ऐकूनच घेत नाहीत. ते ६०५ साल कुठलं? शकाचं. शके ६०५! आपल्या पंचांगात, लग्नपत्रिकेत जो शक छापतो तोच. मेकाँगच्या काठावर कोरणारा माणूस आपला शक मोजत होता. काळ मोजायची रीत इथून गेली होती, तिच्याबरोबर अंकही गेले असणार. यात ग्वाल्हेरची किंमत कमी कुठे झाली? उलट इथली विद्या समुद्रापलीकडे इतक्या लवकर पोचली होती याचा तो पुरावा आहे.

आणि पहिलेपणाच्या नादात भाऊजी आमच्या लेखातलं खरं मोल बघतच नाहीत. त्यात लिहिलंय काय ते वाचा. गावानं फुलबागेसाठी जमीन दिली, लांबी २७० हात, रुंदी १८७ हात. हात म्हणजे साधारण दीड फूट धरला तर चारशे फुटांवर लांब आणि पावणेतीनशे-तीनशे फूट रुंद, चांगली ऐसपैस बाग. माळ्यांनी देवाला रोज ५० हार द्यायचे. तेल्यांनी तेल द्यायचं. एवढंच. कुठे गणित नाही, ज्योतिष नाही, राजाच्या पराक्रमाची गणती नाही. जमिनीचं माप आणि हारांची संख्या.

मी हिशेब खात्यातली म्हणून मला यातली मेख दिसते. कुठलीही नवी पद्धत रजिस्टरात शिरते ती सगळ्यांत शेवटी. आधी हुशार लोक ती वापरतात, मग बाकीचे कुरकुरतात, मग वरून हुकूम येतो, आणि सगळ्यांच्या डोळ्यांना सवय झाली की मग कुठे ती कारकुनाच्या हातून न सांगता उतरते. आमच्या कचेरीत कॉम्प्युटर आले तेव्हा कितीतरी दिवस दोन्हीकडे लिहीत होतो, कारण लेखापरीक्षकाला कागदच खरा वाटायचा. इथे इ.स. ८७६ मध्ये कोरणाऱ्यानं १८७ कोरले आणि त्याच हातानं २७० कोरले. शून्याशी थबकला नाही, खुलासा दिला नाही. देणगीचा लेख म्हणजे कायमचा दस्तऐवज. उद्या भांडण झालं तर त्यावरच निवाडा व्हायचा. तो लोकांना वाचता येणार नाही अशा चिन्हांत कोणी लिहील का? म्हणजे तोपर्यंत गोपाद्रीला, म्हणजे ग्वाल्हेरला, माप आणि हिशेब लिहिणाऱ्यांना शून्य अंगवळणी पडलेलं होतं. जगातलं पहिलं कुठलं हा मान उद्या आणखी एखादा दगड सापडला की जाईल. रोजच्या व्यवहारातलं इतकं जुनं, सालासकट, दगडावरचं, आजही हसत हसत वाचता येणारं शून्य मात्र आमच्याकडे आहे, आणि ते कुणी नेऊ शकत नाही. मला याचा अभिमान आहे आणि तो भाऊजींच्या अभिमानापेक्षा तसूभर कमी नाही.

दुसरं भांडण याहून महत्त्वाचं, कारण ते मुलांच्या डोक्याशी संबंधित आहे. ब्रह्मगुप्तानं शून्याला शून्यानं भागलं तर शून्य येतं असं लिहिलंय. हे आज कुणी मानत नाही. पुढे भास्कराचार्यांनी, इ.स. ११५० मध्ये, शून्यानं भागलेल्या संख्येला खहर म्हटलं आणि ती अनंत मानली. आज आपण म्हणतो की शून्यानं भागाकार करताच येत नाही, त्याला अर्थ नाही. भाऊजी ब्रह्मगुप्ताचे बाकीचे नियम फळ्यावर लिहितात आणि एवढा एक गाळतात. विचारलं तर म्हणतात, ‘मुलांसमोर थोरांच्या चुका कशाला?’ मला हे अजिबात पटत नाही. ज्या माणसानं शून्याला हात घालायची हिंमत केली, तो सगळीकडे हात घालणार आणि एका ठिकाणी अडणार, यात त्याचा मोठेपणाच दिसतो. मुलाला पाचशे वर्षांची ती वाट दाखवली की भागाकार का होत नाही हे आपोआप समजतं. नाहीतर परीक्षेपुरतं ‘अव्याख्यात’ असं पाठ करून मोकळी होतात. तुमच्या मुलीला हा नियम आधी दाखवा, आणि बारा भागिले शून्य किती हे तिला स्वतःला गुणाकार उलटा करून बघू द्या. कुठल्या संख्येला शून्यानं गुणलं की बारा येतात? नाहीच येत. मग शून्याला शून्यानं भागून बघू दे. तिथे कुठलीही संख्या चालते, म्हणून एक उत्तर ठरत नाही. सहावीच्या मुलीला हे नक्की कळतं.

खाली कुणी लिहायच्या आत आणखी दोन-तीन गोष्टी. बाबिलोनच्या लोकांकडे साठाच्या पटीतली स्थानपद्धत होती आणि मधली जागा रिकामी आहे हे दाखवायची खूणही त्यांनी इसवी सनाच्या आधी काढली होती, फक्त ती आकड्याच्या शेवटी वापरत नसत. अमेरिकेतल्या माया लोकांनी आपलं शून्य स्वतंत्रपणे काढलं, शिंपल्यासारख्या आकाराचं. तेव्हा ‘शून्य फक्त आपलं’ असंही मुलीला सांगू नका. आपलं आहे ते दहाच्या पटीतल्या नऊ अंकांबरोबरचं, ज्याच्याशी गणित करता येतं ते, आणि आज सगळं जग तेच वापरतं. बख्शाली हस्तलिखिताचं नाव तुम्ही ऐकलं असेल. पेशावरजवळ १८८१ मध्ये सापडलेली भूर्जपत्रं, आता ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात आहेत, त्यांत शून्याच्या जागी टिंबं आहेत. २०१७ मध्ये त्यांची कार्बन चाचणी झाली आणि एक पान तिसऱ्या-चौथ्या शतकातलं निघालं, तशी बातमी सगळीकडे झळकली. पण त्याच पोथीची दुसरी पानं कित्येक शतकं नंतरची निघाली, त्यामुळे लिखाण कधीचं यावर अभ्यासकांचं एकमत नाही. काही ताम्रपटांतही याहून जुनी शून्यं दाखवतात, पण जमिनीच्या हक्कासाठी मागाहून खोटे ताम्रपट करायची चाल होती, म्हणून त्यांच्यावर विसंबता येत नाही. भिंतीतल्या लेखाचं तसं नाही.

तुम्ही ग्वाल्हेरला आलात तर मुलीला घेऊन किलागेटकडून चढा, खालच्या गुजरी महालातलं संग्रहालय आधी बघून घ्या. चढ दमवणारा आहे, सकाळी लवकर निघा, पाणी बरोबर ठेवा. दार बंद दिसलं तर परत फिरू नका, पहारेकरी आसपास असतो. मोबाइलचा दिवा बाजूनं धरायचा हे विसरू नका आणि दगडाला हात लावू देऊ नका. आणि कुणी ‘जगातलं पहिलं’ म्हणालं, मग तो गाईड असो की आमचे भाऊजी, तर मुलीलाच सांगू द्या की शके ६०५ चं याआधीचं आहे, आणि त्याला २७० हात बागेचं काय ते विचारू द्या.